पुनमसाठी कुरकुरं

मंजुळाबाई कशालाच भ्यायच्या नाहीत, हे सावद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. केळीच्या बागेत साप निघाला की गडी बांधावर पळायचे आणि ही बाई पदर खोचून काठी शोधायची. लग्नाकार्यात दोनशे माणसांचं भरीत एकटीच्या अंगावर घ्यायची, वर भट्टीशी उभं राहून आचाऱ्यालाच दटावायची. नवरा निंबा, गावाचे आबा, गावात मान असलेला माणूस. पण घरात त्यांनी बायकोपुढे आवाज चढवल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

अशी ही बाई गेली दोन वर्षं एका सहा वर्षांच्या पोरीला भीत होती. पोरीला म्हणजे तिच्या पानाला. पुनम, एकुलती एक नात, समोर जेवायला बसली की मंजुळाबाई स्वयंपाकघरातून उठून परसात जायच्या. पोरगी जेवून हात धुवेपर्यंत आत यायच्या नाहीत.

कारण सांगायलाच हवं.

मंजुळाबाईंचा सगळा स्वयंपाक दाण्यावर उभा. आता खान्देशात कोणाचा नसतो म्हणा. पण यांचा जरा जास्तच. धरणगावाहून लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने पहिल्या दिवशी सुपात भुईमुगाच्या शेंगा टाकल्या होत्या, त्या दिवसापासून चाळीस वर्षं हात थांबला नाही. शेवभाजीत कूट, भरतात दाणे, चटणीत दाणे, उपासाला दाणे आणि तेल म्हणाल तर घाण्यावरून काढून आणलेलं दाण्याचंच. दुकानातलं तेल त्यांच्या मते यंत्रात घालायचं.

मुलगा हितेंद्र धुळ्याला ऑफिसात, सून नूतन तिथंच शाळेत शिक्षिका. पुनम चार वर्षांची असताना नूतन म्हणाली, "आई, हिला दाण्याची ॲलर्जी आहे. अंगावर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांनी दाणा एकदम बंद सांगितलाय."

मंजुळाबाई पोट धरून हसल्या होत्या. दाणा सोसत नाही म्हणे! सावद्याच्या घरातलं पोर आणि त्याला दाणा सोसत नाही! हे शहरातल्या डॉक्टरांचं नवीन खूळ. थोडं थोडं पोटात गेलं की अंगाला सवय होते, एवढं साधं यांना कळू नये?

मग त्या हिवाळ्यात मळ्यात भरताचा बेत होता. नूतन विहिरीकडे गेली होती. मंजुळाबाईंनी गुळात चिमूटभर कूट कालवला आणि बोटावर घेऊन पुनमला चाटवला. पोरगी हसली. आणखी मागितला.

पाच मिनिटं गेली नसतील. ओठ सुजले. डोळे मिटायला लागले. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि मग पोरीला रडताही येईना. हितेंद्रने गाडी काढली. पुढे केळीच्या ट्रकांची रांग, हितेंद्र हॉर्नवरचा हात काढत नव्हता, आणि मागच्या सीटवर नूतन पोरीला छातीशी धरून विचारत होती, "आई, काय खाल्लं हिनं? काही दिलं होतं का कोणी?"

आणि मंजुळाबाई म्हणाल्या, "मले नाही माहीत."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मुलाचा चेहरा बघून सांगायचा धीर होईना. चांगली पंधरा मिनिटं गेली. मग कुठे तोंडातून निघालं, "म्या कूट चाटवला."

पोर वाचलं. दोन दिवसांनी घरी आलं. हितेंद्र खूप बोलला, बोलून मोकळा झाला. नूतन मात्र एक शब्द बोलली नाही. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मंजुळाबाई रडून मोकळ्या झाल्या असत्या.

त्यानंतर नूतनच्या खांद्यावर एक निळी कापडी पिशवी आली. तिच्यात लाल डबी, डबीत बाहेरून मागवलेलं, पुनमला त्रास झालाच तर लगेच टोचायचं पेनासारखं इंजेक्शन. सावद्याला आली की पुनमचा डबा वेगळा, पाणी वेगळं, चमचासुद्धा धुळ्याचा. आणि पिशवी चोवीस तास खांद्याला. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तरी पिशवी बरोबर. आंघोळीला गेली तरी न्हाणीच्या खुंटीला पिशवी. मंजुळाबाई ते बघायच्या आणि मनात म्हणायच्या, बरोबर आहे बाई तुझं, तू तरी माझ्या भरवशावर कशी सोडशील.

असं दोन वर्षं चाललं, पुढेही तसंच चाललं असतं. पण यंदा दसऱ्यानंतर नूतनचा फोन आला. शाळेत पुनमला 'माझी आजी' यावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. नूतनने वाचून दाखवल्या. आजी सावद्याला राहते. आजीकडे केळीची बाग आहे. असं काय काय लिहिलं होतं. आठवी ओळ होती, 'माझी आजी खूप छान स्वयंपाक करते असं सगळे म्हणतात, पण मी तो कधी खाल्ला नाही.'



मग नूतन म्हणाली, "आई, दिवाळीला आम्ही येतोय. मी इथं तिला फळांचं एक क्रिस्प करून देते, खाली फळं आणि वर कुरकुरीत थर. ती त्याला कुरकुरंच म्हणते. त्यात दाणा नसतो. या वेळी ते तुम्ही कराल का?"

"मी?"

"तुम्ही. मी सांगते कसं करायचं ते. सोपं आहे."

मंजुळाबाई घाबरल्या. दोनशे माणसांचं भरीत रांधणारी बाई! 'नको व बाई, तूच कर' हे शब्द ओठांवर आले होते. पण आठवी ओळ कानात वाजत होती. त्या म्हणाल्या, "करीन."

आणि त्या रात्रीपासून झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातून दाणा हद्दपार करायला घेतला. शेंगांचं पोतं, भाजलेल्या दाण्यांचा डबा, कुटाची बरणी, सगळं शेजारच्या ताईबाईकडे. तेलाचा कॅन तिच्याकडे. दिवाळीचा चिवडासुद्धा यंदा ताईबाईच्याच चुलीवर झाला.

ताईबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "अक्का, घर सोडून जाऊ राह्यल्या का काय?"

"तुले हसू येते," मंजुळाबाई म्हणाल्या. "माह्या जिवाचं पाणी होऊ राह्यलं."

मिक्सरचं भांडं त्यात कूट होतो म्हणून बाद. खलबत्ता बाद. लाकडी उलथनं चाळीस वर्षांचं, त्याने किती मण दाणे परतले असतील, म्हणून तेही बाद. पातेली सोड्याच्या पाण्यात उकळली. फडताळ कढत पाण्याने पुसलं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, नवी थाळी आणि नवा चमचा आणला. घरात भट्टी नव्हती, पण नानकटाई करायची जुनी तऱ्हा होती. जाड पातेल्यात वाळू घालायची, त्यावर रिंग, रिंगेवर थाळी, वर जड झाकण, खाली मंद गॅस. वाळूचा डबा काढला आणि एकदम आठवलं. याच वाळूत खारे दाणे भाजतात की! डबा तसाच नेऊन उकिरड्यावर ओतला. वाळूऐवजी जाड्या मिठाच्या चार पिशव्या आणल्या.

आबा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "एवढं भेऊन कसं चालीन?"

"न भेता एकदा केलं होतं," त्या म्हणाल्या.

दिवाळीला चार दिवस असताना मंडळी आली. ऑक्टोबरचं ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. पुनम उतरली ती थेट स्वयंपाकघराच्या दारात. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. "आजी, कुरकुरं कधी?"

"उद्या दुपारी," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवण्याआधी तो हात पुन्हा एकदा साबणाने धुऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. हितेंद्र आबांबरोबर बागेत गेला, केळीची कापणी लागली होती. पुनम बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत बसली. नूतन स्वयंपाकघरात आली. खांद्याला पिशवी. तिने धुळ्याहून आणलेलं ओट्सचं बंद पाकीट ओट्यावर ठेवलं, सगळीकडे एक नजर फिरवली. नवी थाळी बघितली, नवा चमचा बघितला, मिठाच्या पिशव्या बघितल्या. तिचा चेहरा जरा सैल झाला.

"आई, मी इथं उभी राहू की बाहेर बसू?"

मंजुळाबाईंना म्हणायचं होतं, उभी राहा, माझ्या हाताला धरून राहा. पण त्या म्हणाल्या, "बस बाहेर. पेपर तपास तुह्ये."

"सगळं बघितलंत ना?"

"पाह्यलं."

नूतन गेली. आता स्वयंपाकघरात त्या आणि त्यांची भीती, दोघीच.

केळी घरचीच, पिवळी पण अंगाने घट्ट, पिकून मऊ झालेली नाहीत. दोन सफरचंदं बाजारातली. फोडी केल्या, लिंबू पिळलं, किसलेला गूळ, थोडी सुंठ, वेलदोडा. सफरचंदाच्या फोडी एक जाड एक पातळ झाल्या. दुसऱ्या भांड्यात ओट्स, कणीक, गूळ आणि घरचं थिजलेलं तूप. बोटांच्या टोकांनी चोळत राहिल्या. दर वेळी हात खाली जाताना मनात एकच, यात काही नाही ना? यात काही नाही ना? बोटाने चिमूट उचलून चाखली. दाणा नव्हता. पुन्हा चाखली.

चोळता चोळता पिठाचे भुरभुरीत गोळे झाले. नूतनने फोनवर सांगितलं होतं तस्संच. आणि मंजुळाबाईंना दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या हाताचं जरा बरं वाटलं. हात विसरले नाहीत म्हणायचे. खांदे खाली आले. मग पुढची कामं भराभर झाली. थाळी घेतली, पुसली, फळं पसरली, वर तो भुरभुरीत चुरा पेरला, रिंगेवर ठेवलं, झाकण घातलं, गॅस बारीक केला.

पाऊण तास त्या पातेल्यासमोर पाटावर बसून राहिल्या. हळूहळू गुळाचा, तुपाचा, सुंठीचा वास घरभर झाला. बाहेरून पुनम ओरडली, "आला वास!" झाकण काढलं तर वरचा थर चांगला तांबूस, कडेने फळांचा रस बुडबुडत होता. त्यांनी नव्या चमच्याने वाटीत काढलं आणि स्वतः नेऊन पुनमच्या पुढ्यात ठेवलं. हे तर त्यांनी दोन वर्षांत केलं नव्हतं.

"गरम शे बाई, फुंकून खाय," त्या म्हणाल्या. माहेरची बोली आनंदात कधी कधी अशी मधेच यायची.

नूतन पेपरांवरून मान वर करून बघत होती. हसत होती.

मंजुळाबाई आत आल्या, डोळे पुसले आणि ओटा आवरायला लागल्या. मिठाचं पातेलं बाजूला केलं. भांडी उचलली. आणि गॅसच्या उजव्या हाताला ती वाटी दिसली.

लहानशी काळपट वाटी, तिच्यात तेलाने चिंब झालेली कापडाची गुंडाळी. तव्याला तेल फिरवायची चिंधी. तिची जागा गॅसच्या मागे, भिंतीला टेकून. गेली कित्येक वर्षं ती तिथंच असते. तेलाचा कॅन ताईबाईकडे गेला, बरणी गेली, पण ही चिंधी काही त्यांना तेल वाटली नव्हती. ती गॅसचाच भाग वाटली होती, शेगडीच्या बटणासारखी. घर पुसताना तिच्याभोवतीचा ओटा पुसला होता आणि वाटी उचलून परत जागेवर ठेवली होती.

आता ती पुढे होती. म्हणजे कोणीतरी घेतली होती.

थाळी घेतली, पुसली... कशाने पुसली? तूप लावायचं होतं. थाळीसाठी काढलेल्या तुपाची वाटी तिथं तशीच, बोट न लागलेली. थाळी हातात आली की चाळीस वर्षं हात कुठे जातो? त्यांना आठवलं ते डोक्यात नाही, मनगटात आठवलं. एक गोल, दुसरा गोल, कडेने एक फेरा. घाण्याच्या तेलाचा वासही आला नव्हता, येणार कसा, त्या वासातच तर त्या जगल्या.

धावल्या. उंबऱ्याला ठेच लागली, अंगठ्याचं नख उचकटलं, कळलंही नाही. पुनमने चमचा भरला होता. चमचा ओठांजवळ होता. मंजुळाबाईंनी झडप घालून तो हातातून ओढला, वाटी उलटली, तांबूस चुरा चित्रावर आणि फरशीवर सांडला. पोरगी आधी दचकली आणि मग भोकाड पसरून रडायला लागली.

नूतन उभी राहिली. "आई? काय झालं?"

आणि त्या क्षणी, बघा माणसाचं मन कसं असतं, मंजुळाबाईंच्या जिभेवर एक वाक्य आयतं येऊन बसलं. 'पाल पडली होती त्यात.' एवढंच म्हणायचं. सगळं उचलून टाकून द्यायचं, थाळी घासायची, चिंधी चुलीत घालायची. उद्या नवं करायचं. कोणाला काही कळणार नाही. सून हसत होती ते हसू तसंच राहील. आणि खरं सांगितलं तर? पुन्हा या घरात पाणीसुद्धा पिऊ देणार नाही ती पोरीला. बरोबरच करेल.

पण चमच्याच्या टोकाला थोडं ओलं होतं. ते पोरीने चाटलं होतं की फळाचा रस होता?

"नूतन," त्या म्हणाल्या, आणि आवाज कोणा दुसऱ्या बाईचा वाटला, "थाळीले दाण्याचं तेल लागेल आहे. म्या लावलं. चिंधीनं. चाटलं असंन तर पाह्य लवकर."

नूतनचा चेहरा पांढरा पडला. पण हात थांबले नाहीत. पिशवी उघडली, लाल डबी बाहेर आली. पुनमला जवळ ओढून तिने तोंड उघडायला लावलं. "बाळा, रडू नको. खाल्लंस का? चाटलंस का थोडं?"

"गरम होतं," पुनम हुंदके देत म्हणाली. "मी फुंकत होते. आजीनं घेतलं."

"जिभेला लावलं?"

पोरीने विचार केला. "माहीत नाही."

नूतनने हितेंद्रला फोन केला, गाडी दारात आणून ठेव म्हणाली. पोरीचं तोंड, हात धुतले. मग तिने पुनमला खिडकीच्या उजेडात मांडीवर घेतलं आणि घड्याळ समोर ठेवलं. मंजुळाबाई समोर जमिनीवर बसल्या. अंगठ्यातून रक्त येत होतं. दोघी बायका त्या पोरीच्या ओठांकडे बघत राहिल्या. पाच मिनिटं. ओठ जरा लाल दिसतात का? रडल्यामुळे असतील. दहा मिनिटं. पुनमने गाल खाजवला आणि दोघी एकदम पुढे वाकल्या. माशी बसली होती. हितेंद्र आला, दारात उभा राहिला, बायकोने हाताने खूण केली तसा काही न बोलता गाडीची किल्ली मुठीत धरून तिथंच थांबला. पंधरा मिनिटं. वीस. मंजुळाबाईंना वाटत होतं, माझं काय वाटेल ते होवो, पण हिच्या छातीतून ती शिट्टी येऊ नये.

अर्धा तास झाला. तास झाला. पुनम म्हणाली, "मम्मी, मला भूक लागली."

नूतनने डोळे मिटले. मग धुळ्याचा डबा उघडून पोरीला पोळी दिली. हितेंद्र कट्ट्यावर जाऊन बसला, आईकडे एकदा बघून काहीतरी बोलणार होता, पण नूतन म्हणाली, "तुम्ही नका बोलू."

मंजुळाबाई उठल्या, फरशी पुसली. वाटी, थाळी, चिंधी सगळं एका पिशवीत बांधून परसात नेऊन ठेवलं. परत आल्या तर नूतन स्वयंपाकघरात उभी होती.

"जा तुम्ही आजच," मंजुळाबाई म्हणाल्या. "दिवाळी तिकडेच करा. माह्या हाताचा भरवसा नाही राह्यला. मले भ्या वाटते व, नूतन. फार भ्या वाटते."

"मलापण वाटते," नूतन म्हणाली. "रोज वाटते. शाळेत तिचा डबा उघडायची वेळ झाली की माझ्या हातातला खडू थांबतो." ती थांबली नाही. "त्या वेळी गाडीत मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, आई. दाणा दिलात त्याचा मला राग नव्हता एवढा. मी विचारत होते आणि तुम्ही सांगत नव्हता, त्याचा होता."

मंजुळाबाईंची मान खाली गेली.

"आज मी विचारलंसुद्धा नव्हतं नीट," नूतन म्हणाली. "बसा इथं."

पाटावर दोघी समोरासमोर बसल्या. नूतनने लाल डबी उघडली. पेन बाहेर काढून तिने दाखवलं, कुठलं टोक वर, कुठलं टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, दाबून धरायचं आणि दहापर्यंत मोजायचं. मग लगेच दवाखाना, बरं वाटलं तरी. मंजुळाबाईंनी शाईच्या पेनाने आपल्याच मांडीवर चार वेळा करून दाखवलं. पाचव्यांदा एकही पायरी चुकली नाही.

"पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा सगळं म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरीसारखं.

उन्हं कलली होती. पुनम ओसरीवर नवं चित्र काढायला बसली होती, आणि आजीला हाक मारून विचारत होती, उद्या नवीन थाळी आणणार ना, उद्या कुरकुरं करणार ना. मंजुळाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. नूतनने कपड्यांची बादली उचलली आणि वाळत घालायला गच्चीचा जिना चढली. निळी पिशवी मंजुळाबाईंच्या मांडीवर होती.